आबा आणि विलायतेचा एक तास

जामखेड तालुक्यात सूर्याशी थेट ओळख असलेला एकच माणूस आहे आणि तो माझा सासरा आहे. लग्नाची बोलणी करायला आम्ही नगरहून त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ठरल्याप्रमाणे बरोबर बाराला पोचल्याचा मला फार अभिमान वाटत होता. आबांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, अंगणात रोवलेल्या काठीच्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या घड्याळात बारा वाजले असतील. जामखेडात अजून साडेअकराच हायेत. निवांत बसा." देशाचं घड्याळ दूर पूर्वेच्या रेखांशावर लावलेलं आहे, त्यामुळे आपली खरी दुपार अर्धा तास उशिरा येते, हे त्यांनी चहा निवेपर्यंत समजावून सांगितलं. मुलगी मला पसंत आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आबांनी जन्मभर भूगोल शिकवला. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. एकदा बँकेत साहेब म्हणाला, "गुरुजी, जेवणाची सुट्टी झाली." आबा बाकड्यावर बसून राहिले. "जेवा सावकाश," म्हणाले, "सूर्य डोक्यावर यायला वेळ हाय, तवर मी बसतो." साहेब त्यांचाच विद्यार्थी. त्यानं डबा बंद केला आणि काम करून दिलं. पहाटेच्या बुद्धवंदनेपासून रात्रीच्या भाकरीपर्यंत आबांचं सगळं उजेडावर चालायचं, आणि या वयात त्यांना साखरेच्या दुखण्यापलीकडे काही नव्हतं. मला या माणसाची थोडी भीती वाटायची आणि मनातून फार नवल वाटायचं.

त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेव्हणी, विलायतेत एका इस्पितळात नर्स आहे. तिकडे दर मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे ढकलतात आणि ऑक्टोबरमध्ये मागे आणतात. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या त्या रविवारनंतर, सोमवारी ड्युटीवर जाताना गाडी चालवता चालवता तिचा डोळा लागला. गाडी फुटपाथवर चढून भिंतीला घासली. कुणाला लागलं नाही. तिनं हे फोनवर हसत सांगितलं. आबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अभ्यास सुरू केला. माझी मुलगी सुट्टीत आजोळी गेली की तिच्याकडून मोबाईलवरच्या बातम्या मोठ्यानं वाचून घ्यायचे. त्या एका तासानं झोप मोडते, अपघात होतात, हृदयाच्या रोग्यांना त्रास होतो असं तिकडचे डॉक्टर म्हणतात; घड्याळ हलवणं बंद करा म्हणून जागोजागी वाद चाललाय; पण बंद करायचं तर कायमचं पुढे ढकललेलं उन्हाळी घड्याळ ठेवायचं की मागे आणलेलं हिवाळी, यावर एकमत होत नाही. ते एकमत आबांच्या घरातही झालं नाही. धाकटी उन्हाळी घड्याळाच्या बाजूची.

"आबा, ड्युटी संपल्यावर जरा ऊन दिसतं हो. नाहीतर महिनोन्‌महिने मी अंधारात जाते नि अंधारात येते."

"संध्याकाळचा उजेड चैनीचा, पोरी. सकाळचा औषधाचा. शरीर सकाळच्या उन्हानं जागं होतं."

"इथं या एकदा डिसेंबरात, मग सांगा."

महिनाभर रोज असं चाललं. शेवटी आबा म्हणाले, "त्यांचं ठरंल तवा ठरंल. तुझ्यापुरतं मी बघतो."

त्यांनी एका तासाचे सहा तुकडे केले. पुढच्या मार्चमध्ये घड्याळ बदलायच्या आधी सहा दिवस तिनं रोज दहा मिनिटं लवकर उठायचं, लवकर जेवायचं, लवकर झोपायचं. ती कबूल झाली. आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं ते हे, की इकडे जामखेडात आबाही तेच करत होते. रोज दहा मिनिटं आधी उठणं, दहा मिनिटं आधी मधुमेहाची गोळी. सासूबाईंना त्यांनी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे भाकरी मात्र नेहमीच्या वेळेलाच तव्यावर पडत होती. चौथ्या दिवशी गोळी पोटात आणि भाकरी परातीत, अशा अवस्थेत आबा अंगणात साखर उतरून, घाम येऊन खाली बसले. सासूबाईंनी तोंडात साखर घातली आणि शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं.

मी नगरहून पोचलो तेव्हा ते कॉटवर बसून बिस्किटं खात होते. डॉक्टर वैतागलेले. "गुरुजी, आपल्याकडं घड्याळ बदलतच नाही. तुम्हाला काय गरज होती?"

आबांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. मग म्हणाले, "ती तिथं एकटी बदलतीय ना."

मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. धाकटीला कळल्यावर ती फोनवर आधी रागावली, मग रडली. पण उरलेले दोन दिवस तिनं नेमानं पुरे केले आणि तो सोमवार तिला सुखाचा गेला.

यंदा ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही जामखेडलाच होतो. तिकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि ऑक्टोबरातल्या त्या एका रात्री घड्याळ मागे जाऊन त्यांचा पुन्हा एक वाजतो. नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. धाकटीला ड्युटी नव्हती, ती मुद्दाम जागी राहिली होती. "आबा, हा तास जास्तीचा मिळालाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलाय."

आबांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. समोरच्या घरावरून ऊन नुकतं अंगणात उतरत होतं, ते त्यांनी फोन फिरवून तिला दाखवलं. पावसाचं, पेरूच्या झाडाचं थोडं बोलणं झालं. मग तिचे डोळे मिटायला लागले आणि बोलता बोलता ती उशीवर कलंडून झोपली. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर आबांनी तो धरला. साडेसात वाजेपर्यंत ते तिच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिले. सासूबाईंनी आणलेला चहा तसाच राहिला.

"मार्चातलं बंद झालंच पाहिजे," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "आक्टोबरातलं राहू द्यावं."

"आबा, एक बंद केलं की दुसरं आपोआप बंद होतं," मी म्हणालो.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "भूगोल मीच शिकवलाय."