‘घेतली’ म्हणजे काय घेतली?

माधवी गेल्याची बातमी मला माझ्या धाकट्या भावाने दिली. मी शांती नगरच्या बाजारात "भैया, ये भेंडी कल की है" म्हणून हुज्जत घालत होते आणि फोन वाजला. "ताई, माधवीताई गेल्या," तो म्हणाला. "कॉलेजात शिकवताना चक्कर येऊन पडल्या... मी सहज फोन केला तर त्यांच्या मिस्टरांनी उचलला." माधवी माझ्याच बिल्डिंगमधली, कितीतरी वर्षांची मैत्रीण. रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मनात पहिलं आलं ते वेगळंच. आता हा माझा भाऊ पिणार! आज हा पिणार, आणि मला कळणारसुद्धा नाही.

हे जरा नीट सांगायला हवं. माझा भाऊ एचआयव्हीसह जगतो. त्याचं नाव लिहीत नाही. बाकीचं लिही, असं त्यानेच सांगितलंय. नवघरला एकटा राहतो, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. रोजची गोळी चुकवली नाही तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, हे डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आणि मी पडले काळजीखोर बाई. रोज संध्याकाळी माझा फोन जायचाच. "घेतली?" "घेतली." की माझ्या जिवात जीव. शेजारीपाजारी कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी ‘गोळी’ हा शब्दही तोंडातून काढत नसे.

माधवी मानसशास्त्र शिकवायची आणि एका संशोधनावर काम करत होती. एचआयव्ही असलेली माणसं जिवाला धोका होईल इतकी दारू का पितात, पहिल्या घोटाआधी त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, हा तिचा विषय. तिने मला हे सांगितलं तेव्हा भावाबद्दल तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी कोरा चेहरा ठेवून "बरंय की" म्हटलं, पण कान तेव्हापासून टवकारलेले; भाऊ अधूनमधून पितो, हा संशय मला होताच. एकदा चहाला बसलो असताना ती स्वतःचीच फजिती सांगायला लागली. प्रश्नावलीत तिने साधंसुधं लिहिलं होतं, ‘तुम्ही रोज घेता का?’ दारू म्हटलं की माणूस बिचकतो, म्हणून तो शब्द मुद्दाम गाळलेला. कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्याने छाती फुगवून सांगितलं, "घेतो ना बाय, येक दिस चुकवत न्हाय!" हिने त्याला पक्का बेवडा ठरवून टाकलं. पुढच्या दोन-तीन प्रश्नांत उलगडा झाला, आजोबा गोळीबद्दल बोलत होते. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. "सगळी प्रश्नावली नव्याने लिहिली मी, सुनंदा," ती हसून हसून सांगत होती. "आपल्याकडे गोळीही घेतात आणि दारूही घेतात. एवढं मराठी मला यायला हवं होतं की नाही?"

मीही हसत होते... आणि हसता हसता थबकले. रोज संध्याकाळी मी विचारत होते ‘घेतली?’ आणि तो सांगत होता ‘घेतली’. काय घेतली? माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं मी तिच्यापुढे ओकले. तिने ना ‘अगं बाई’ केलं, ना मला मिठी मारली. "अभ्यासात मी त्याला घेऊ शकत नाही, तू मैत्रीण पडलीस," एवढंच म्हणाली. "रविवारी त्याला माझ्याकडे चहाला घेऊन ये."

तो आला, अवघडून बसला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग माधवीने विचारल्यावर त्याने एकदाचं खरं सांगितलं. प्यायला की त्या दिवशी तो गोळीला शिवत नसे. दोन्ही पोटात एकत्र गेलं की विष होतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. "नियम म्हणजे नियम, मी पाळतो," हे वर अभिमानाने. जसं काही सोवळंच! आणि पिण्याचे दिवस म्हणाल तर आठवड्यातले बरेचसे. माधवी शांतपणे म्हणाली, "प्यायलास तरी गोळी घ्यायची. आणि हे तुझ्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगायचं." डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, लिव्हरवरून झापलं ते वेगळं.

पण त्या दिवशी तो गेल्यावर मी माधवीवर उखडले. "तू त्याला प्यायची परवानगी देतेयस?" ती म्हणाली, "परवानगी मागतोय कोण? तो पितोच आहे. तू ओरडशील म्हणून लपवतोय, लपवायचं म्हणून एकटा पितोय. माझ्याशी बोलतात त्यातले कितीतरी जण मजा म्हणून पीत नाहीत गं. कुणाला कळलं तर, या धास्तीने डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून पितात." मी तणतणत घरी आले, काही दिवस तिच्याशी बोललेही नाही. तो मात्र तिच्याकडे जायला लागला. हळूहळू पिणं कमी झालं. सुटलं असं मी म्हणणार नाही. रिपोर्ट चांगले यायला लागले. तिला तो सगळं सांगायचा, मला अवाक्षर नाही. मी खोदून खोदून विचारलं तरी तिचं उत्तर एकच, "त्यालाच विचार." मी चरफडायचे.

म्हणून ती गेली तेव्हा मी हबकले. तो आता खरं बोलणार कुणाशी? पुढचे काही आठवडे फोनवर नुसतं "ठीक आहे, ताई". घरी आला की मी पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने उगाच जवळ जायचे, तोंडाला वास येतोय का बघायला. त्यालाही ते कळायचं. तो मान वळवून पाणी प्यायचा.

माधवीची एक सवय सांगायची राहिली. अवघड काही विचारायचं असलं की ती उठून ओट्याशी जायची, समोरच्याकडे पाठ करून कप विसळायला घ्यायची आणि तसंच विचारायची. "तोंडावर खरं बोलायला जड जातं गं," म्हणायची, "पाठीला सांगता येतं." गेल्या रविवारी भाऊ जेवायला आला होता. जेवण झालं, तो टेबलाशी मोबाइल बघत बसला. मी ओट्याकडे वळले आणि धुतलेलेच कप पुन्हा नळाखाली धरले. ‘किती प्यायलास?’ हे जिभेवर आलेलं गिळून टाकलं.

"झोप लागते का रे?" मी विचारलं.

मी एक कप बाजूला ठेवून दुसरा घेतला.

"नाही लागत," तो म्हणाला. "त्या गेल्या त्या दिवशी प्यायलो मी. कालपण. गोळी चुकवली नाही, पण प्यायलो..."

मी वळले नाही. वळले असते तर ओरडले असते, नाहीतर रडले असते. कप विसळत राहिले. पाणी कपातून ओसंडून सिंकमध्ये धो धो चाललं होतं.

"ताई," तो म्हणाला, "नळ बंद कर आधी, पाणी वाया चाललंय. बस इथे. सांगतोय मी."