मिठाचा माइक

दिवाळीच्या आधीच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं ओरडत होतात, "आजोबा, तुम्ही म्यूटवर आहात!" मी उगाच एक बटण दाबल्यासारखं केलं आणि इकडे रेंज बरी नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. आजोबा बोलत होते.

कंपवाताने हात थरथरतात हे तुम्हाला माहीत आहे. तो आवाजही नेतो, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आधी वाक्याचा शेवट ऐकू येईनासा झाला, मग मधले शब्द. घरात मी त्यांच्या तोंडाशी कान नेते. पण ज्यांच्याशी ते तीस वर्षं रोज सकाळी रेडिओवर बोलत आले, त्यांना ते कसं जमावं?

आजोबा हौशी रेडिओवाले, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या हौशींशी बोलणारे, हॅम. सरकारी परवाना आहे, परीक्षा देऊन मिळवलेला. रोज सकाळी सातला जबलपूरचे त्यांचे एक मित्र सगळ्यांची हजेरी घेतात. प्रत्येकाची कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली अक्षरं आणि आकडे, वाचायची. ज्याची त्याने आपली कॉलसाइन परत सांगायची. महिनाभर उत्तर आलं नाही तर नाव काढतात. या मित्राला आजोबा एकदाही भेटलेले नाहीत. ओळख आहे ती आवाजाची.

टक-टक करून मोर्सच्या टिंब-रेघांत संदेश पाठवायची किल्ली आधीच सुटली होती. हात थरथरला की एका टिंबाची तीन टिंबं होत. मग बोलणं उरलं, आणि भाद्रपदापासून तेही पोचेना. हजेरीत त्यांची कॉलसाइन यायची, ते उत्तर द्यायचे, आणि तिकडून, "कोई जवाब नहीं," म्हणून पुढचं नाव. एके दिवशी हेडफोन काढून ते मला म्हणाले, "तो जुना माइक आण. नव्या माइकात माझा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होते."

जुना माइक म्हणजे त्यांनी पहिल्या सेटबरोबर वापरलेला, टेबलावर ठेवायचा, जड बुडाचा, बोलताना दाबायची पट्टी असलेला. त्यातून आवाज टोकदार निघायचा आणि खरखरीतूनही वर यायचा. नवा सेट आल्यावर तो मीच आवरून ठेवला होता. मऊ फडक्यात गुंडाळून, बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. डब्यावर चिठ्ठी होती: 'माइक, जुना, चालू स्थितीत.' मिनिटभरात सापडला, आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पण जुना माइक नव्या सेटला नुसता खोचून चालत नाही. त्या माइकातून निघणारी वीज अगदी नाजूक असते, तिच्यावर भार पडलेला चालत नाही. नवा सेट भार टाकणारा. म्हणून दोघांच्या मधे एक छोटा ट्रान्झिस्टर बसवावा लागतो, हळू बोलणाऱ्याचं म्हणणं मोठ्याने सांगणाऱ्या माणसासारखा. शिवाय नवा सेट आपल्या माइकसाठी त्याच तारेतून थोडी वीज बाहेर सोडतो. जुन्याला ती सोसत नाही. वाटेत कपॅसिटर टाकून अडवायची. हे सगळं मला येतं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि ते आष्टीच्या मराठी शाळेत. इंग्रजी पुस्तिका आयुष्यभर मीच वाचून दाखवल्या. हात मात्र नेहमी त्यांचे असायचे.

या वेळी हात माझे होते. आठ पिनांचा गोल प्लग, आणि कुठल्या पिनेवर काय याचा तक्ता मी वहीत आखून घेतला. ते शेजारी बसून सांगायचे, मी तोंडाशी कान न्यायची, मग सोल्डरचा डाग द्यायची. एक तार दोनदा चुकली.

"काय करून राह्यली? ते अर्थिंगची तार आहे."

"मग आधी सांगायचं ना, अहो."

"आधीच सांगतलं. तुले आयकू नाई आलं."

आठ दिवस गेले. जोडलं, पट्टी दाबली, सेटवरचा काटा हललाच नाही. मी मोठ्याने बोलले, टाळी वाजवली. काटा जागचा हलेना. तक्ता तीनदा तपासला, ट्रान्झिस्टर बदलला. माझीच चूक असावी असं वाटत होतं, आणि असावी अशी इच्छाही होती. चूक असती तर दुरुस्त झाली असती.

शेवटी रिक्षा करून वर्ध्यात गेले. बाजारात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, पूर्वी रेडिओ करायचे, आता मिक्सर आणि इन्व्हर्टर करतात. त्यांनी माइकचं डोकं उघडलं आणि कागदावर उलटं केलं. पांढरी भुकटी पडली.

"वैनी, कुठी ठेवलं होतं हे?"

"गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत. घट्ट डब्यात. ओल लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या टाकल्या होत्या. दरवर्षी बदलायची."

ते हसले. "पापड ठेवले असते तं अजून कुरकुरीत राह्यले असते. याच्यात मिठाचा खडा असते, वैनी. खायचं नाई, दुसरं मीठ. तो खडा हालला का आवाज निघते. त्याले थोडी ओल लागते. तुम्ही ओल काढून घेतली, अन् वरून पत्र्याखाली आपला मे महिना. वर्धेच्या मे महिन्यात माणूस नाई टिकत."

असा खडा आता मिळत नाही, म्हणाले. त्या जागी हेडफोनमधला बारका माइक बसवून दिला.

घरी येऊन मी आजोबांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "तू तं जपूनच ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी पट्टी दाबली. सेटवर माइकचा आवाज जेवढा वाढतो तेवढा वाढवला होता. काटा हलला. तिकडून उत्तर आलं, "कोई बहुत हल्का स्टेशन है. फिर से आइए." ते परत बोलले. कपाळावर घाम आला होता. "नहीं बना, भाई. एक बार और." तिसऱ्यांदा मित्राने दोन अक्षरं उचलली, दोन्ही चुकीची. मग पुढचं नाव. आजोबांनी माइक माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे परवाना नाही. त्यांनी मला तीनदा परीक्षेला बस म्हटलं होतं, तिन्ही वेळा मला घरात काम निघालं. मी पट्टीला हात लावला नाही.

दुपारी मी जबलपूरला फोन केला. आवाजाचं सगळं मित्राला सांगितलं. ते म्हणाले, "भाभीजी, जवाब आए न आए, नाम तो मैं रोज़ पढूँगा."

मला वाटलं, हे ऐकून आजोबांना बरं वाटेल. त्यांनी मान हलवली. मी कान जवळ नेला.

"महिना झाला. उत्तर नाई तं नाव नाई. हा नियम मीच केलता. त्याले लिहून दे, काढ म्हणा."

"राहू द्या ना. त्यांचं काय जातं?"

"लिही."

मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी एक शब्द बदलायला लावला, 'प्लीज'च्या जागी 'इमिजिएटली'. पाठवल्या.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी हजेरी ऐकली. त्यांच्या आधीचं नाव आलं, उत्तर आलं, आणि लगेच त्यांच्या नंतरचं. ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मग सेट मीच बंद केला.

त्यानंतरच्या दिवशी साडेसहाला सवयीने उठवायला गेले तर ते जागेच होते.

"आता काऊन उठवून राह्यली मले?" म्हणाले, आणि कूस बदलली.