नहरीत सोडलेला गुलाबी

खड्ड्यात पाणी होतं, आणि त्या भागात पाणी सोडायचा तो दिवस नव्हता.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आम्ही जेसीबीने चर खोदत होतो, नव्या मोठ्या पाइपसाठी. मी तेव्हा पाणीपुरवठ्यात जेई होते. जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. साइटवर ऊन खायचं आणि ऑफिसात बोलणी खायची.

"काशिनाथमामा, लीकेज दिसतंय. व्हॉल्व्ह बघा."

काशिनाथमामा आमचे फिटर. लासूर स्टेशनहून रोज रेल्वेने यायचे आणि राहिलेली झोप डब्यात पूर्ण करायचे.

"व्हॉल बंद हाय मॅडम. म्या सोता बंद केलाय." त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "ह्ये आपलं पानी नाय. लई ग्वाड हाय."

जेसीबीचा दात एका जुन्या चुनेगच्ची बांधकामाला घासला होता. आत खापराचा नळ होता आणि त्यातून पाणी पाझरत होतं. नहर म्हणतात ती हीच. चारशे वर्षांपूर्वी या शहरातल्या कुणीतरी डोंगराच्या पायथ्याचे झरे जमिनीखालून, खापरी नळांतून गल्लोगल्ली आणले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. नळात अडकलेली हवा निघून जावी म्हणून मध्येमध्ये उंच दगडी खांब बांधले. त्या खांबांवर आम्ही शहरवासी पोस्टर चिकटवतो आणि बुडाशी पान थुंकतो. नहर कधीच मेली, असं ऑफिसात सगळे धरून चालायचे. मीही.

तेवढ्यात एक माणूस तरातरा आला. हात कोपरापर्यंत निळे.

"बाई, मेरे हौज में गारा आ रा. क्या कर रै तुम लोगां?"

हे हमीदभाई, रंगरेज. गल्लीच्या टोकाला त्यांची भट्टी होती. पैठणचे विणकर पैठणीचं रेशीम रंगवायला त्यांच्याकडे पाठवायचे. शहरात हिमरू शाली विणणारे जे काही उरले होते, तेही त्यांच्याकडेच यायचे. त्यांच्या हौदात नहरीचं पाणी पडायचं. बोअरच्या जड पाण्यात रंग फाटतो, रेशमावर डाग पडतात. नळाचं म्हणाल तर तो कधी येणार हे आम्हालाच सांगता यायचं नाही. म्हणजे नहर गेली की भट्टी गेली, इतका सरळ मामला होता.

त्यांनी मला हाताला धरल्यासारखं भट्टीत नेलं. दोऱ्यांवर रेशमाच्या लडी वाळत होत्या. एकेका रंगाला नाव होतं. किल्ल्याच्या दगडासारखा काळपट जांभळा, तो 'दौलताबादी'. चिडक्या पिवळ्याचं नाव 'सरकारी दफ्तर'. एक फिका, संशयी निळा होता.

"ये?"

"ये 'नल आया'." ते हसलेसुद्धा नाहीत. "शहर में कुछ हुआ तो हम उसका रंग बनाते, बाई. अपना अखबार येईच है."

मी याच शहरात वाढले, इथेच शिकले. पण तोवर मला शहर म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह आणि तक्रारी. हा माणूस त्याच शहराचे रंग करून विकत होता. मला स्वतःची जरा लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले. "सर, पाइप पाच फूट पलीकडे सरकवला तर नहर वाचते."

"अलाइनमेंट बदलायची म्हणजे वरून मंजुरी लागते. काय सांगू वर? मॅडमला खड्ड्यात ओल दिसली?"

"लाइन जिवंत आहे, सर."

"मग प्रूफ आणा. प्रूफ आणा, मी स्वतः मंजुरीसाठी भांडतो."

साहेब वाईट नव्हते. मी केबिनमधून बाहेर आले ती अगदी हवेत.

पाण्याची वाट शोधायची सोपी पद्धत आहे. वरच्या बाजूला रंग टाकायचा आणि खाली कुठे निघतो ते बघायचं. रंग खाण्याचाच, हलवाई जिलबीत घालतात तो. मी गुलमंडीतून एक डबा आणला. हमीदभाईंनी बोटावर घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"ये नक्को बाई. शहर के पेट में जाना है. ढंग का तो हो."

त्याच दुकानातून त्यांनी आणखी दोन डबे मागवले, मिसळले, पुन्हा मिसळले. शेवटी जो गुलाबी झाला तो मी आजवर कुठल्या साडीवर पाहिलेला नाही.

"नाव काय याचं?"

"पहले निकलने तो दो."

शहराबाहेर नहरीवर एक दगडी झाकण होतं, तिथून काशिनाथमामांनी तो आत सोडला. आम्ही भट्टीत हौदाच्या काठावर बसलो. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं. मग पाण्याच्या तोंडाशी एक बारीक गुलाबी धागा आला, हलला, आणि बघता बघता सगळ्या हौदात उमलला.  हमीदभाईंनी बाही सावरून हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

काशिनाथमामा गल्ल्यांतून धापा टाकत परत आले. "मॅडम, मशिदीच्या हौदात निघालाय. फुलवाल्यांच्या टाक्यात बी. तिकडं लॉजच्या भटारखान्यात बी त्येच. लई जागी हाय वो." कुणी कधी सांगितलं नव्हतं. अर्धा मोहल्ला वर्षानुवर्षं या पाण्यावर गजरे भिजवत होता, चहा उकळत होता, वजू करत होता, आणि आमच्या ऑफिसला त्याचा पत्ताच नव्हता. एवढा आनंद मला नोकरीत पुन्हा झाला नाही.

तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. भट्टीच्या गल्लीत आम्ही घरोघर सांगून ठेवलं होतं. बाकीच्या गल्ल्यांत ते पाणी जातं हेच माहीत नव्हतं, तर तिथे सांगणार कोण? लोक गुलाबी पाण्याच्या बादल्या घेऊनच ऑफिसात शिरले. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, शांत केलं, आणि मग केबिनचं दार लावलं.

"मॅडम, दोन-तीन डब्यांत अर्धा मोहल्ला गुलाबी."

"रंग खाण्याचा होता, सर. आणि प्रूफ तुम्हीच…"

"प्रूफ मिळालं ना. एकदम पक्कं मिळालं. उद्या त्याच झाकणातून कुणी दुसरं काही टाकलं तर? त्या पाण्यात क्लोरिन नाही, तपासणी नाही. कालपर्यंत मला माहीत नव्हतं, म्हणून जबाबदारी नव्हती. आता आहे."

"मग झाकणांना कुलपं लावू. पाणी तपासू."

"त्याला बजेट नाही. काँक्रीटला आहे."

 ते चुकीचं बोलत होते असंही म्हणता येईना, हे जास्त लागलं.

आधी फार तर आमच्या चरातला एक फाटा तुटला असता. आता ऑर्डर निघाली ती नहर वरूनच बंद करायची. काम माझ्याकडे आलं, कारण लाइन कुठून कुठे जाते हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं.

काँक्रीट ओतलं, पाण्याने ते ढकलून दिलं. पुन्हा ओतलं, पुन्हा वाहून गेलं. काशिनाथमामा फावडं टेकून उभे राहिले. "मॅडम, ह्ये ऐकंना." मग लवकर घट्ट होणारी पावडर मिसळली, मागे पोती ठोकली. तेव्हा ते धरलं. पाण्याचा आवाज थांबला आणि मला तिथे उभं राहवेना. मी रडले. मामांनी माझ्याकडे पाठ करून फावडं धुतलं.

हमीदभाई येऊन उभे होते. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

"गुलाबीचं नाव ठेवायचं राहिलं," मी म्हणाले. 

"नक्को, बाई. जो फिर बनना नहीं, उसका नाम काए कू?"

त्यांनी भट्टी बंद केली. पुढे एका कंपनीत लोखंडी कपाटांचा रंग ढवळायला लागले. तिथे एकच करडा रंग असतो आणि त्याला नंबर असतो. पैठणचं रेशीम दुसरीकडून रंगून यायला लागलं. आमचा पाइप ठरल्या जागेवरून अगदी सरळ गेला. त्या गल्लीत नळाला पाणी अजूनही येईल तेव्हा येतं, आणि लोक टँकरमागे हंडे घेऊन धावतात. दगडी खांब मात्र उभे आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि हे कशाचे, म्हणून विचारतात. मी पुढे निघून जाते.

नव्या जेईंना मी एवढंच सांगते. साहेबांनी प्रूफ मागितलं म्हणून खूश होऊ नका. प्रूफ मिळाल्यावर काय करणार, ते आधी विचारून घ्या. आम्ही नहर जिवंत आहे हे सिद्ध केलं. मेलेल्या लाइनला कुणी बूच मारत नाही.