दोन कानांत दोन सिनेमे

सातव्या वर्षी गोवराच्या तापात माझे डोळे गेले आणि त्यानंतर मी जितके सिनेमे पाहिले तितके सगळे अहिराणीत पाहिले. पडद्यावरची माणसं हिंदीत बोलायची, पण चालायची, रडायची, जिना चढायची ती अक्काच्या बोलीत. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नरडाण्याजवळच्या आमच्या गावातून ती मला एसटीने धुळ्याला न्यायची, थिएटरात कडेची खुर्ची धरायची आणि माझ्या कानाला तोंड लावून सांगत राहायची. ‘आते तो पायरीवर बसना. हातमा पत्र शे. वाची नही राहिना, नुसता धरी बठेल शे.’ पुढची माणसं मागे वळून ओरडायची, ‘ओ ताई, गप बसा की!’ अक्का त्यांनाही दोन शब्द सुनावायची आणि पुन्हा माझ्या कानाशी यायची. संवाद सुरू झाला की मात्र एकदम गप्प. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काय बसवायचं आणि काय सोडायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. जळगावात एका कचेरीत फोन घेण्याचं काम करतो. लग्न केलं नाही. भाऊजी गेल्यापासून अक्का माझ्याकडेच असते. दिवसभर आमचं एकमेकांशी फारसं बोलणं होत नाही, पण सुट्टीच्या दिवशी दुपारचा सिनेमा एकत्र पाहायचा हा नेम आम्ही सोडलेला नाही.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याने गेल्या वर्षी माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. थिएटरात बसून ते सुरू करायचं. सिनेमाचा आवाज ऐकून ते आपली जागा पकडतं आणि कानात एक बाई हिंदीत सांगू लागते: कोण आलं, काय नेसलं आहे, कुठे बघतंय. पहिल्या दिवशी मी वेडा व्हायचा बाकी होतो. अक्काने मला आभाळ कधी सांगितलंच नव्हतं, तिला माणसांत रस. ही बाई आभाळाचा रंग सांगत होती. गप्प बसलेली माणसं गप्प बसून काय काय करतात, ते सांगत होती. घरी येताना रिक्षात मी अक्काला त्याच बाईचं कौतुक ऐकवत राहिलो.

‘मंग आते मन्हं काय काम?’ अक्का म्हणाली.

मी हसलो. हसायला नको होतं. पुढच्या वेळी मी तिला म्हटलं, एका कानात फोन लावतो, दुसरा कान तुझा. तिचं मन राखायचं होतं हे खरं; पण तिची थोडी परीक्षा घ्यायची होती हेही खरं. मी काही फार साधा माणूस नाही.

तो एक कौटुंबिक सिनेमा होता, भुताखेताचा नव्हे. सुरुवातीला दोन्ही कानांचं बरं जमलं. अक्का जरा मोघम बोलत होती एवढंच. मग एक शांत प्रसंग आला. फोनमधली बाई म्हणाली, रिकामी खोली आहे, खिडकी उघडी आहे, पडदा हलतोय. त्याच वेळी अक्का म्हणाली, ‘खिडकीपा एक बाई उभी शे. पिवळं लुगडं. आपलाकडेच देखी राहिनी.’

मला वाटलं, फोनवालीने सोडून दिलं असेल. पण पुढे रस्ता आला, एक ट्रक निघून गेला, फोनवाली म्हणाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अक्का म्हणाली, ‘ती बाई आठे बी उनी.’ मग हॉस्पिटल आलं. तिथेही ती आली. प्रत्येक वेळी तेच पिवळं लुगडं. फोनवालीच्या सिनेमात ती कुठेच नव्हती.

मी फोनचा बोळा कानातून काढला. अक्काने माझं मनगट धरलं होतं. एवढ्या उन्हाळ्यात तिचा हात गार होता.

‘आते ती पडदावर नही शे,’ ती म्हणाली.

‘मंग?’

‘पुढली खुर्चीवर बठेल शे. आपलाकडे तोंड करीसन.’

मी हात पुढे केला. पाठ लागली ती खुर्चीची. पलीकडे चाचपलं तर खुर्ची मिटलेली, कुणी बसलेलंच नव्हतं. पुढचा सिनेमा मी ऐकला नाही, समोरून श्वासाचा आवाज येतो का तेवढंच ऐकत बसलो.

बाहेर आल्यावर भीतीचा राग झाला. ‘फोनवर जळीसन काहीबी सांगी राहिनी तू!’ मी रिक्षात तिच्यावर खेकसलो. मी एक बोललो की चार ऐकवणारी माझी बहीण त्या दिवशी नुसती माझा दंड धरून बसली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी रजेवर होतो. दुपारची दोनची वेळ. जळगावच्या मे महिन्यात त्या वेळी गल्लीत कुत्रंही भुंकत नाही. मी आतल्या खोलीत खाटेवर पडलो होतो आणि घरातल्या बोळात कुणीतरी चालायला लागलं. हळू पावलं. पावलांबरोबर भिंतीवरून घासत येणारी बोटं. चौकटीशी थांबणं, कडी चाचपणं, मग पुढचं पाऊल. मी ताठ झालो. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, कारण आमच्या घरात तसं एकच माणूस चालतं, आणि ते मी. आणि मी तर खाटेवर होतो.

‘कोन शे?’ मी ओरडलो.

पावलं थांबली. मग स्वयंपाकघरात भांडी कोसळली आणि अक्का रडायला लागली.

मी गेलो तेव्हा ती खाली बसलेली होती. तिच्या गालांवर हात फिरवला, मग हात धरला, तिची बोटं चुन्याने माखलेली होती. आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. भाजीत दोनदा पडणारं मीठ. तिचं देवळात जाणं का बंद झालं ते. रस्त्यात ती माझा दंड घट्ट धरायची तेव्हा मला वाटायचं ती मला नेतेय. गेले कित्येक महिने माझी काठीच आम्हा दोघांना नेत होती.

‘कवयपाईन?’ मी विचारलं.

दोन वर्षं झाली होती. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं धुरकट. दोन वर्षं ती थिएटरात माझ्यासारखीच नुसता सिनेमा ऐकत होती आणि आवाजावरून रचून मला सांगत होती. दोन आंधळी माणसं शेजारी शेजारी बसून, त्यातलं एक दुसऱ्याला चित्र सांगत होतं. मला स्वतःची लाज वाटली.

‘आनि ती बाई? ती बी रचेल शे का?’

‘नही रे,’ अक्का कुजबुजली. ‘ती खरंच दिसस. घरमा बी येस. कोन्हले सांगू नको. माले येडी म्हणतीन, नहीतं भगतकडे लई जातीन.’

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू फार पुढे गेलेला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची, किती टिकेल ते सांगता येत नाही. त्या बाईबद्दल मीच विचारलं, अक्का काही तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, नजर कमी झाली की काही जणांचा मेंदू रिकाम्या जागी आपलीच चित्रं मांडतो. वेड नाही, बाहेरचंही काही नाही. घाबरायचं नाही.

घरी आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मला वाटलं होतं, तिचा जीव हलका झाला असेल.

‘पुरा अंधारा पडना म्हणजे ती बी जाई का?’ तिने विचारलं.

‘जाई.’ मला ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं. ‘आते कोठे शे ती?’

‘आठेच. तुन्हा बाजूले.’

मी जरा सरकून बसलो. मग माझं मलाच कसंतरी वाटलं.

‘ती गयी तं मी एकलीच ऱ्हासू का रे?’ अक्का म्हणाली.

‘एकली कशी? मी शे ना.’

‘तू शेच. पन कितला महिना व्हयनात, तुन्हं तोंड दिसनं नही माले. तिन्हं दिसस.’ आणि मग, ‘कसं शे रे आते तुन्हं तोंड? सांग ना.’

तिने मला शेकडो तोंडं सांगितली होती. मी सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि मला आठवला तो एका सात वर्षांच्या पोराचा चेहरा. दुसरा माझ्याकडे नव्हता.