शिक्का नसलेलं रिटर्न

इंटरनेटवरून रिटर्न भरायची सक्ती आली, तेव्हा ब्रह्मपुरीत मी आयकराची कामं करत असे. माझ्या पक्षकारांत एक आरागिरणीवाले चाचा होते. दरवर्षी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते स्वतः एसटीनं चंद्रपूरला जात, कचेरीच्या खिडकीत रिटर्न देत आणि पोचेवरच्या शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तिथून हलत नसत.

त्या वर्षी मी त्यांना कॅफेत शेजारी बसवून रिटर्न भरलं आणि छापलेली पोच हातात ठेवली. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"घेतलं कोनं?"

"कम्प्युटरनं."

"मंग शिक्का काऊन नाई?"

"आता शिक्का लागत नाही, चाचा. हा नंबर आलाय ना."

"वकीलसाहेब, आमच्या धंद्यात जंगलखात्याच्या हातोड्याचा ठसा नसला त लाकूड चोरीचं असते. नंबर त कोनीबी खडूनं टाकते."

दुसऱ्या दिवशी ते चंद्रपूरला गेले. खिडकीवरच्या कारकुनानं 'गरज नाही' म्हणून सांगितलं. चाचा समोरच्या बाकावर जाऊन बसले. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी ते बसूनच. शेवटी कारकुनानं कंटाळून कागदाच्या पाठीमागे आवकचा शिक्का मारून दिला. कायद्यानं त्याला काडीची किंमत नव्हती. चाचांनी मात्र तो कागद अख्ख्या बाजारात दाखवला.

आठवड्याभरात बाकीचे पक्षकार माझ्याकडे यायला लागले. "आमाले चाचासारखं पाहिजे." मी कायदा समजावला. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फायली उचलून पलीकडच्या सल्लागाराकडे गेले. त्यानं स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का आधीच बनवून घेतला होता.

मग मीही बनवून घेतला. 'इंटरनेटद्वारे दाखल', खाली माझं नाव. लोक समाधानानं कागद घडी करून नेऊ लागले. चाचांनी माझा शिक्का चष्मा लावून तपासला.

"बरा हाय," ते म्हणाले. "पन चौकोनी हाय. सरकारी शिक्का गोल राह्यते."

मी गोल करवून घेतला. चाचा तरीही चंद्रपूरला जातच राहिले. कारकून आता त्यांना बाकावर बसू देत नसे, आत बोलावून खुर्ची देई. पुढे त्याची नागपूरला बदली झाली, तेव्हा चाचा मुद्दाम त्याला निरोप द्यायला गेले आणि परतल्यावर दोन दिवस उदास होते.