खालून वर

थोरल्या वहिनीला मत्सर शोभत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी तिची नणंद. मला विचाराल तर तिला तो झकास जमायचा. छापखान्यात ती छपाईआधीची मुद्रितं तपासायची आणि तिच्या नजरेतून साधा काना सुटत नसे. मग धाकटी वहिनी त्याच टेबलाशी नोकरीला लागली आणि थोरलीच्या हातून निसटलेल्या चुका हसत हसत दाखवू लागली. शेवटची प्रत तपासणाऱ्याची खिडकीजवळची खुर्ची आता धाकटीला मिळणार, अशी कुजबुज सुरू झाली. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

तिनं कुठूनशी लक्ष वाढवायची गोळी मिळवली. तेवढ्यानं भागेना, म्हणून जोडीला झोप उडवणारी सुरू केली.

"अगं वहिनी, दोन्ही एकत्र घेऊन डोक्याचं काय होईल? डॉक्टरांना तरी विचार!"

"झिजलं तर झिजू दे. तिच्या मागे राहण्यापेक्षा बरं."

काही दिवस तिनं धाकटीला खरंच धूळ चारली. घरी मात्र हात थरथरायचे, छाती धडधडायची, बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही. मला राग यायचा. आणि धाकटीचा हेवाही वाटायचा, कारण माझ्यावर जन्मात कुणी इतकं जळलं नव्हतं.

मुद्रितं तपासणारे शेवटची नजर खालून वर फिरवतात. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. थोरली यात पटाईत. औषधांची माहितीपत्रकं तपासताना तर ती अर्थाला शिवतही नसे.

एका दुपारी धाकटी त्या लक्ष वाढवायच्या गोळीचंच पत्रक घेऊन घरी आली. थोरलीच्या पर्समधली गोळ्यांची पाकिटं तिनं पाहिली होती.

"जाऊबाई, हे तुम्हीच तपासलंत ना?"

"हो. चूक काढून दाखव!"

"एकही नाही. आता वरून खाली ऐका." धाकटी मोठ्यानं वाचू लागली. "झोप उडवणाऱ्या औषधांसोबत घेऊ नये. हृदयाचे ठोके बिघडण्याचा, झटके येण्याचा धोका. निरोगी मेंदूवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, ते अद्याप माहीत नाही."

थोरलीनं पत्रक ओढून घेतलं आणि पहिल्यांदाच वरून खाली वाचलं. मग पर्स उघडून दोन्ही पाकिटं धाकटीच्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले.

"ही चूकसुद्धा हिलाच सापडायची होती का गं?" ती मला म्हणाली.