गव्हात पुरलेला शेवट

माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण आमच्या गव्हाच्या कोठीत राहतं.

तेव्हा आम्ही जयपूरला, जवाहर नगरात होतो. हे विम्यात, दावे तपासायच्या खात्यात. (माणूस मेला म्हणताय, पण खरंच मेलाय का, हे शोधायचं काम!) त्यामुळे 'एजंट' म्हटलं की यांच्या भुवया वर. आणि मला भेटली एजंटच! पुस्तकांच्या एका कार्यक्रमात दिल्लीच्या सरदेसाईबाईंशी ओळख झाली. लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत न्यायची, करार बघायचे, हा त्यांचा व्यवसाय. मी चोरून कादंबरी लिहिलीय म्हटल्यावर म्हणाल्या, "उद्या घरी येते, द्या वाचायला." आनंदानं मला जेवण जाईना.

"आधी किती मागतेय?" यांनी विचारलं.

"काहीच नाही. पुस्तक खपलं तरच तिचा वाटा."

"काहीच नाही? मग नक्की लबाड!"

बाई आल्या त्या सुरेख छापाची साडी नेसून. यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "दिल्लीची बाई आणि साडी इथल्या जवळच्या बगरू गावच्या छापाची? मतलब काय?"

"मतलब आवडली, घेतली!"

"अगं, इथलं असल्याचं सोंग आहे ते!"

मी हसले, पण संशयाची लागण झालीच. बाईंनी पोहे पुन्हा मागितले आणि मीही त्यांना निरखायला लागले. (माझे पोहे आजवर कोणी दुसऱ्यांदा मागितले नव्हते.) हे कुजबुजले, "शेवट ठेवून घे. अर्धवट कागदांवर कोणाचा दावा टिकत नाही!" मी शेवटचं प्रकरण काढून गव्हात खोल पुरलं आणि बाकीची कादंबरी बाईंच्या हाती दिली. कादंबरीत बँक मॅनेजरची बायको भाजी आणायला जाते आणि गायब होते. कुठे गेली, हे आता फक्त गव्हाला ठाऊक.

काही दिवसांनी फोन आला. "काय शेवट केलात हो! ती गेली ती गेलीच! प्रकाशकही खूश आहे!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ते प्रकरण मी रडत रडत लिहिलं होतं, माझा जीव होता त्यात. गहू झटकून पाठवून दिलं. त्यात बायको माहेरून लोणच्याची बरणी घेऊन परत येते आणि सगळे मिळून वरणभात जेवतात.

पुन्हा फोन. बाईंचा आवाज एकदम खाली. "खरं सांगा, हे तुम्ही लिहिलेलं नाही ना? घरातल्या कोणी घुसडलंय? सांभाळा हो, आपलीच माणसं दगा देतात!"

समोर हे पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही बरोब्बर ओळखलंत!"

पुस्तक शेवटाशिवाय छापलं गेलं. बाईंनी परत पाठवलेलं प्रकरण यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा कोठीत ठेवलं. "कोणी चोरलं तर?" हे अजूनही विचारतात. परवा गव्हाला किडे लागले म्हणून कोठी उपसली. सगळा गहू पोखरला होता, पण माझ्या प्रकरणाला एकानंही तोंड लावलं नव्हतं!